बार्बाडोसचीं रमचीं दुकानें आणि क्रिकेटचा प्रेक्षक

सुटी घालविण्यासाठीं समुद्रांतील एखाद्या बेटावर गेलेल्या मनुष्याची एक अडचण प्रवासवर्णनांत सहसा सांपडत नाहीं. पहिले दोन दिवस त्याला समुद्र पुरतो. तिसऱ्या दिवशीं त्याचें चित्त वाळूवरून उठतें आणि दूर कोठें तरी चालू असलेल्या सामन्याकडे धांव घेतें. मग तो छत्रीखालीं पडल्या पडल्या शेजाऱ्यास विचारूं लागतो कीं, येथें सामना बरा कोठें पाहावयास मिळेल? या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्या याद्या आज विपुल आहेत. अमक्या बारमध्यें इतके पडदे, तमक्यांत इतक्या जातींची बिअर, अशा थाटाच्या त्या असतात, आणि त्यांचा उपयोग नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या बेटावर हा प्रश्न विचारला जातो तेथील रहिवाशांस तो कधीं पडला होता काय, व पडला असल्यास त्यांनीं तो कसा सोडविला, याचा विचार त्या याद्यांत नसतो. आमच्या समजुतीप्रमाणें उत्तराची खरी जागा तीच आहे. बेटावरील माणसानें सामना कोठें बसून पाहावा, हें पुष्कळ काळ त्याच्या आवडीवर अवलंबून नव्हतें. त्याच्या कातडीच्या रंगावर आणि खिशांतील पैशावर तें ठरत असे.

उदाहरणादाखल आम्ही बार्बाडोस बेट घेतों. वेस्ट इंडीजच्या माळेंत हें बेट पूर्वेकडे, इतरांपासून जरा सुटून पडलेलें आहे. लांबी सुमारें २१ मैल, रुंदी १४ मैल, क्षेत्रफळ १६६ चौरस मैल. मुंबई शहर व तिचीं उपनगरें मिळून जेवढी भूमि होते तिच्याहूनही ही लहान. एवढ्याशा भूमीनें फ्रँक वॉरेल, एव्हर्टन वीक्स, क्लाइड वॉलकॉट, गारफील्ड सोबर्स, वेस्ली हॉल, जोएल गार्नर, माल्कम मार्शल असे एकाहून एक खेळाडू जगास दिले. दुसरी तिची ख्याति रमबद्दल. या दोन गोष्टी तेथें एकाच छपराखालीं नांदतात, आणि त्या छपरास तेथील लोक 'रमचें दुकान' असें साध्या शब्दांत म्हणतात.

मद्याचें नांव निघतांच कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल. मद्यपानाची तरफदारी करण्याचा आमचा विचार नाहीं. ऊस व गुलामगिरी यांच्या इतिहासांतून रम वगळतां येत नाहीं, एवढ्यासाठींच ती येथें आली आहे. ज्यांस ती नको असेल त्यांच्यासाठीं त्या बेटावर मॉबी नांवाचें पेय आहे. झाडाची साल उकळून, तिच्या काढ्यांत साखर घालून तें करतात. चव कडवट असते, पण उन्हांत बरें वाटतें, आणि तें मागितल्यानें कोणाची प्रतिष्ठा जात नाहीं.

इंग्रजांनीं या बेटावर वसाहत केली ती इ. स. १६२७ मध्यें. पहिलीं कांहीं वर्षें तंबाखू व कापूस यांवर गेलीं. १६४० नंतर ऊस आला आणि त्यानें बेटाचें रूप पार पालटून टाकलें. रान तोडून ऊस लावला, ऊस तोडण्यासाठीं आफ्रिकेंतून माणसें धरून आणलीं, आणि साखर काढून उरलेली मळी आंबवून तिच्यापासून दारू गाळली. रिचर्ड लिगन या इंग्रजानें आपला बार्बाडोसचा वृत्तांत १६५७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत या दारूचें 'किल-डेव्हिल', म्हणजे सैतानास मारणारी, हें नांव आढळतें. बेटाच्या उत्तर भागांतील माउंट गे या भट्टीचा जुना दस्तऐवज १७०३ सालचा आहे, व ती भट्टी आजही चालू आहे. साखरेचा पैसा विलायतेस गेला. मळीची दारू मात्र जेथल्या तेथें ज्यानें ऊस तोडला त्याच्याही ओंजळींत थोडीफार पडली.

गुलामगिरी कायद्यानें १८३४ सालीं बंद झाली, आणि तिच्या जागीं आणलेली सक्तीच्या उमेदवारीची पद्धत १८३८ सालीं. मुक्त झालेल्या माणसास जमीन कोणीं दिली नाहीं. एवढ्या लहान बेटावरील बहुतेक सारी जमीन मळेवाल्यांची. मजुरानें त्यांच्याच कडेच्या तुकड्यावर भाड्यानें राहावयाचें आणि त्यांच्याच मळ्यांत राबावयाचें. म्हणून त्यानें आपलें घरही असें बांधलें कीं, मालकानें हुसकून दिलें तर फळ्या सुट्या करून गाडीवर लादतां याव्या. या घरांचें तेथील नांवच मुळीं 'जंगम मालाचें घर' अशा अर्थाचें आहे. रमचीं दुकानें याच घरांच्या रांगेंत, याच लांकडाचीं उभीं राहिलीं. आपल्याकडील खेड्यांतल्या वाण्याच्या दुकानाची ज्यास आठवण आहे त्याला त्यांचें स्वरूप समजावयास वेळ लागणार नाहीं. पुढें तांदूळ, पीठ, खारा मासा, घासलेट, तराजू आणि उधारीची वही. कडेला एक दोन बाकें व त्यांवर पेला घेऊन बसलेले लोक. आठवड्याची मजुरी हातीं आली कीं वहींतला हिशेब फिटे व नवा सुरू होई. फळीमागें पुष्कळदां एखादी बाई असे, आणि तिचा शब्द दुकानांत अखेरचा. बेटावर जितकीं प्रार्थनामंदिरें तितकींच रमचीं दुकानें, असें तेथील लोक मोठ्या प्रौढीनें सांगतात; पाद्री यावर काय म्हणत असतील तें आम्ही वाचकांच्या तर्कावर सोपवितों.

या दुकानांत क्रिकेट शिरलें कसें, हें समजण्यासाठीं तें बाहेर कोणाकोणाच्या हातीं होतें तें पाहिलें पाहिजे. ब्रिजटाउन ही बेटाची राजधानी. तेथें १८७७ सालीं वाँडरर्स क्लब निघाला. तो मळेवाल्यांचा व बड्या व्यापाऱ्यांचा. १८८२ सालीं पिकविक क्लब निघाला. तोही गोऱ्यांचाच, पण जरा खालच्या पायरीवरील. पुढें जगप्रसिद्ध झालेलें केन्सिंग्टन ओव्हल हें मैदान याच पिकविक क्लबाचें. १८९३ सालीं निघालेला स्पार्टन क्लब वकील, डॉक्टर, शिक्षक अशा काळ्या व मिश्रवर्णी सुशिक्षितांचा. आतां हा शेवटचा क्लब तरी सर्व काळ्या लोकांस आपला वाटावा कीं नाहीं? पण हर्मन ग्रिफिथ या साध्या स्थितींतील काळ्या गोलंदाजास सभासद करून घेण्याचा प्रश्न आला तेव्हां स्पार्टनमध्यें कलह माजला, आणि त्यांतून १९१४ सालीं एम्पायर हा निराळा क्लब जन्मास आला. ग्रिफिथनें १९३१ सालीं सिडनी येथें ब्रॅडमनचा शून्यावर त्रिफळा उडविला, हें आम्ही अशासाठीं सांगतों कीं, कोणाला दाराबाहेर ठेवण्यावरून हा वाद झाला तें वाचकांस कळावें.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटूं नये. मुंबईत हिंदूंचा जिमखाना वेगळा, पारशांचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा, आणि युरोपियनांचा तर सर्वांहून वर. सामनेही जातवारीनेंच होत. पळवणकर बाळू या आमच्या थोर डावखुऱ्या गोलंदाजाला पुण्यास आपल्याच संघांतील मंडळींपासून दूर, बाहेर बसून वेगळ्या भांड्यांत चहा घ्यावा लागे. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चाले. चहाच्या वेळीं तो हात चालत नसे. पुढें १९२३ सालीं त्याचा भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला. बार्बाडोसमध्यें हीच पायरी चढावयास आणखी बराच काळ लागला. १९४८ च्या जानेवारींत केन्सिंग्टनवर जमैकाच्या जॉर्ज हेडलीनें एका कसोटीपुरतें वेस्ट इंडीजचें नेतृत्व केलें. काळ्या माणसाकडे संपूर्ण दौऱ्याचें कर्णधारपद आलें तें १९६० सालीं, फ्रँक वॉरेल याच्या रूपानें.

मग ज्यांना क्लब नव्हता ते लोक खेळ कोठें पाहत? केन्सिंग्टनवर पहिला कसोटी सामना १९३० च्या जानेवारींत झाला, इंग्लंडविरुद्ध. हेडलीनें पदार्पणांतच दुसऱ्या डावांत १७६ धांवा काढल्या. स्वस्त बाकांवर जागा मिळाली त्यांनीं ती घेतली. ज्यांपाशीं तेवढेही पैसे नव्हते ते कुंपणालगतच्या झाडांवर व घरांच्या छपरांवर चढले. एव्हर्टन वीक्सचें घर मैदानापासून हांकेच्या अंतरावर होतें. लहानपणीं तो मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्यांना मदत करी, कारण त्यामुळें आंत शिरून थोर खेळाडू जवळून पाहतां येत. मैदान त्याच्या दाराशीं असून त्या मैदानाच्या क्लबांत त्याला प्रवेश नव्हता. या वीक्सच्या नांवाची एक मौज आहे. त्याचे वडील इंग्लंडांतील फुटबॉलचे भक्त. एव्हर्टन हा त्यांचा आवडता संघ, म्हणून १९२५ सालीं झालेल्या मुलाचें नांव त्यांनीं तेंच ठेवलें. समुद्रापलीकडे चार हजार मैलांवर चाललेल्या खेळांत जीव गुंतविण्यासाठीं मनुष्यास सुटीवर जावें लागतें असें नाहीं. बेटावर जन्मलेल्या माणसाचा तो नित्याचा धंदा आहे.

१९३६ सालीं मिची ह्युइट यांनीं बार्बाडोस क्रिकेट लीग स्थापन केली, आणि खेड्यांतील व मळ्यांवरील जे संघ आजवर नुसतेच खेळत होते त्यांना सामन्यांची व्यवस्थित मालिका मिळाली. वीक्स तिच्यांतूनच वर आला. या संघांना तंबू नव्हता, दिवाणखाना नव्हता. मैदान म्हणजे उसाच्या शेतांमधील एखादी सपाट चतकोर जागा, आणि तिच्या जवळ बहुधा एक रमचें दुकान. खेळ संपला कीं दोन्ही संघ तेथेंच येत. गोऱ्यांच्या क्लबांत जें काम गालिच्यावर होई तें येथें बाकावर होई. कोणाचा पाय यष्टींसमोर होता आणि पंचाची नजर कोठें होती, याचा निकाल रात्रींपर्यंत लागत नसे. आमच्या मतें रमच्या दुकानाचा खरा अर्थ येथें आहे. ज्यांस क्लबाचें दार बंद होतें त्यांचा तो क्लब, आणि त्याची वर्गणी म्हणजे एक पेला.

१९३० नंतरच्या दशकांत त्यांत एक नवी वस्तु येऊन बसली. रेडिफ्यूजन कंपनीनें ब्रिजटाउनपासून तारा ओढून घरोघर व दुकानोदुकानीं ध्वनीचे डबे बसविण्यास आरंभ केला. यंत्र विकत घेण्याची गरज नव्हती. भाडें भरलें कीं लंडनचा आवाज फळीवर येऊन बसे. ज्याला घरीं डबा परवडत नसे तो दुकानांत येई. २९ जून १९५० रोजीं वेस्ट इंडीजनें लॉर्ड्सवर इंग्लंडला प्रथमच इंग्लंडच्या भूमींत हरविलें. वॉलकॉटनें त्या सामन्यांत नाबाद १६८ धांवा केल्या आणि त्रिनिदादचा रामाधीन व जमैकाचा व्हॅलेंटाइन यांनीं इंग्रजांची दाणादाण उडविली. रामाधीन हा हिंदुस्थानांतून करारानें नेलेल्या मजुरांच्या वंशांतला. घड्याळांतील अंतरामुळें इंग्लंडमधील खेळ बार्बाडोसमध्यें न्याहारीच्या सुमारास सुरू होतो, म्हणून सकाळीं उघडें असलेलें रमचें दुकान पाहून परक्यानें तेथील लोकांच्या चालीरीतींविषयीं घाईनें मत बनवूं नये. पुष्कळदां कारण दारू नसून लॉर्ड्स असतें.

आमच्या क्रिकेट संघाचें या बेटांवर जाणें १९५३ पासूनचें. त्या वर्षीं विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय संघ प्रथम तेथें गेला. मुंबईच्या सुभाष गुप्ते यानें त्या मालिकेंत २७ बळी घेतले. पुढें त्यानें त्रिनिदादच्याच एका स्त्रीशीं विवाह केला, तेथेंच घर केलें आणि २००२ सालीं पोर्ट ऑफ स्पेन येथेंच देह ठेवला. सोबर्सनें आपण पाहिलेल्यांत श्रेष्ठ लेगस्पिन गोलंदाज म्हणून त्याचें नांव घेतलें आहे. १९६२ सालीं केन्सिंग्टनवरच बार्बाडोसविरुद्ध खेळतांना कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यास ग्रिफिथचा (हा चार्ली ग्रिफिथ, वर सांगितलेला नव्हे) चेंडू लागला व जीव धोक्यांत आला. तेव्हां रक्त देण्यास चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर यांच्या जोडीस प्रतिस्पर्धी कर्णधार वॉरेल पुढें झाला. आणि १९७१! अजित वाडेकर कर्णधार, मालिकेंतील एकमेव निकाली सामना पोर्ट ऑफ स्पेनला आपण जिंकलेला. एप्रिलांत ब्रिजटाउनला सोबर्सनें नाबाद १७८ धांवा काढल्या. उत्तरादाखल मडगांवच्या दिलीप सरदेसाईनें १५० काढल्या आणि दुसऱ्या डावांत सुनील गावसकरनें नाबाद ११७ काढून सामना राखला. चार कसोटींत गावसकरच्या एकूण धांवा ७७४. त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या शाहिरानें त्याच्यावर कॅलिप्सो रचला. आपला घरचा संघ हरल्यावर हरविणाऱ्याचा पोवाडा गाणारे लोक जगांत फार नसतील. खेळाकडे पाहण्याची ही दृष्टि तंबूंतल्या खुर्चीवर घडली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. बाकावर शेजारीं बसलेल्या विरुद्ध मताच्या माणसाशीं रोज वाद घालून ती घडते.

१९६४ सालीं बार्बाडोसमध्यें दूरचित्रवाणी आली आणि दोन वर्षांनीं, ३० नोव्हेंबर १९६६ रोजीं, स्वातंत्र्य आलें. उपग्रहावरून सर्व जगांतील सामने येऊं लागल्यावर डब्याची जागा पडद्यानें घेतली. याच काळांत साखरेचा भाव उतरत गेला व बेटाचें पोट प्रवाशांवर चालूं लागलें. पश्चिम किनाऱ्यावर श्रीमंत हॉटेलें, दक्षिणेस सेंट लॉरेन्स गॅप नांवाचा बारांनीं भरलेला रस्ता, अशी नवी वस्ती उभी राहिली. तेथील खेळ दाखविणाऱ्या बारांत गारवा असतो, पडदे मोठे असतात, इंग्लंडांतील फुटबॉल हुकमी पाहावयास मिळतो. ज्याला केवळ खेळ पाहावयाचा आहे त्यानें तेथें खुशाल बसावें. आमची तक्रार इतकीच कीं, तो बार उचलून बालीस किंवा टेनेरिफला ठेवला तरी कोणास फरक कळणार नाहीं.

मैदानावर मात्र या प्रवाशांच्या पैशानें एक निराळीच गोष्ट घडली. १९३५ पासून केन्सिंग्टनवर वेस्ट इंडीजला कोणीं हरविलें नव्हतें. १९९४ च्या एप्रिलांत इंग्लंडनें हरविलें, अॅलेक स्टुअर्टनें दोन्ही डावांत शतकें काढलीं, आणि त्या वेळीं मैदानावर सुटीवर आलेल्या इंग्रजांची गर्दी एवढी होती कीं, सामना इंग्लंडांतच चालला आहे असें वाटावें. पुढें २००७ सालच्या विश्वचषकासाठीं जुनीं छपरें पाडून मैदान नवें बांधलें. तिकिटांचे भाव विलायती. घरचें जेवण आंत नेण्यास बंदी. ढोल, शंख यांवरही निर्बंध. बरीच टीका झाल्यावर हे निर्बंध सैल करण्यांत आले, परंतु तोंवर स्पर्धा पुष्कळ पुढें गेली होती आणि बांकें रिकामीं दिसत होतीं. ज्यांचे आजे झाडांवर चढून सामना पाहत त्यांच्यासाठीं आतां झाडेंही उरलीं नव्हतीं. ते दुकानांत जाऊन बसले.

त्या वर्षीं आमच्या देशबांधवांचीही थोडी फजिती झाली. १५ एप्रिलला ब्रिजटाउन येथें भारत व पाकिस्तान यांची गांठ पडेल असा सर्वांचा हिशेब होता, आणि त्या भरंवशावर पुष्कळांनीं महिनोमहिने आधीं विमानें, हॉटेलें व तिकिटें घेऊन ठेवलीं. भारत पहिल्याच फेरींत बांगला देश व श्रीलंका यांच्याकडून हरून बाहेर पडला. पाकिस्तानला आयर्लंडनें घरीं पाठविलें. ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या मैदानावर आयर्लंड व बांगला देश खेळले, आणि आयर्लंड ७४ धांवांनीं जिंकलें. ज्यांनीं सुटी रद्द केली नाहीं त्यांना बार्बाडोस कसें पाहावें हा प्रश्न प्रथमच खरोखर पडला असेल.

आतां प्रत्यक्ष जाणाऱ्यासाठीं दोन शब्द. बार्बाडोसचें घड्याळ आपल्यामागें साडेनऊ तास चालतें. त्यामुळें भारतांत सायंकाळीं साडेसातला सुरू होणारा सामना तेथें सकाळीं दहाला दिसतो, आणि भारतांत सकाळीं साडेनऊला सुरू होणारी कसोटी तेथें ऐन मध्यरात्रीं. इंग्लंडमधील कसोटी सकाळीं सहाला, सिडनीची आदल्या दिवशीं सायंकाळीं साडेसातला. इंग्लंडच्या शनिवारच्या तीन वाजतांच्या फुटबॉलास हिवाळ्यांत अकरा व उन्हाळ्यांत दहा. म्हणून दुकान निवडण्याआधीं सामना निवडावा, कारण मध्यरात्रींनंतर उघडें दुकान मिळेलच असें नाहीं. खेड्यांतील दुकान ओळखणें कठीण नाहीं: भडक रंग, भिंतीवर एखाद्या रमचें किंवा बँक्स बिअरचें नांव, आणि आंतून डोमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटल्याचा आवाज. आंत पाऊल टाकतांना मोठ्यानें सर्वांस 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड इव्हनिंग' म्हणावें. हा शिष्टाचार तेथें फार मानतात; तो न पाळतां थेट पडद्याकडे बोट दाखवून अमका खेळ लावा असें सांगणाऱ्यास लोक उर्मट समजतात, व आमच्या मतें बरोबर समजतात. भूक लागल्यास पावांत माशाचे दोन वडे घालून देतात. त्याचें नांवच 'पाव आणि दोन'. शनिवारीं डुकराचें आंबवणींतलें मांस व रताळ्याचें पुडिंग असतें. शाकाहारी वाचकानें तो दिवस टाळावा किंवा रताळें आधीं वेगळें मागून पाहावें. कोण जिंकणार हें कोणी विचारल्यास मत द्यावें. मत नसलेल्या पाहुण्याची तेथें कींव करतात.

एक गोष्ट मात्र पाहुण्यानें मनांत धरावी. गांवच्या दुकानांत बाकें मोजकीं असतात, आणि रोजचे बसणारे त्याहून अधिक. एका दुकानाचें नांव छापील यादींत चढलें कीं वर्ष दोन वर्षांत तेथें भाव वाढतो, बाकाच्या जागीं खुर्च्या येतात, आणि म्हातारे उठून पुढच्या कोपऱ्यावर जातात. पिकविकनें जें नियमानें केलें तें येथें दरपत्रकानें होतें. याच कारणास्तव आम्हीं या लेखांत एकाही दुकानाचें नांव दिलें नाहीं, आणि कोणीं पत्रानें विचारलें तरी देणार नाहीं.

२९ जून २०२४ रोजीं, म्हणजे लॉर्ड्सच्या त्या विजयास बरोबर ७४ वर्षें झालीं त्या दिवशीं, केन्सिंग्टनवर वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तेथील सकाळचे साडेदहा, आपल्याकडील रात्रीचे आठ. वेस्ट इंडीजचा संघ अंतिम फेरींत नव्हता. भारताच्या १७६ धांवा, त्यांत विराट कोहलीच्या ७६. दक्षिण आफ्रिका १६९ वर थांबली. अखेरच्या षटकांत सूर्यकुमार यादवनें सीमेवर तो झेल घेतला, आणि सामना संपल्यावर रोहित शर्मानें खेळपट्टीवरील चिमूटभर गवत तोंडांत घातलें. भारतांतून व अमेरिकेंतून आलेल्या आमच्या लोकांनीं मैदान निळें झालें होतें.

दोनच दिवसांनीं बेरिल हें चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलें. विमानतळ बंद पडला आणि विजयी संघ हॉटेलांत अडकला. त्याच्या सुटकेच्या बातम्या आपल्याकडे तासातासानें छापल्या गेल्या. त्याच वादळानें उठविलेल्या लाटांनीं ब्रिजटाउनच्या बंदरांत आश्रयास आणून बांधलेल्या मच्छिमारांच्या होड्यांचा चुराडा केला, आणि ऑइस्टिन्स या कोळ्यांच्या गांवच्या किनाऱ्यासही मोठा तडाखा दिला. आमचा संघ ४ जुलैला मायदेशीं पोंचला व त्याच संध्याकाळीं मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर त्याची मिरवणूक निघाली. बार्बाडोसमध्यें तेव्हां होड्यांचे तुकडे पाण्यांतून ओढून काढण्याचें काम चालू होतें. पुढच्याच आठवड्यांत, १० जुलैला, वेस्ट इंडीजची लॉर्ड्सवर इंग्लंडशीं कसोटी होती. बेटाच्या घड्याळाप्रमाणें पहिला चेंडू सकाळीं सहा वाजतां पडला.